एकात दोन

फर्निचरच्या धंद्यात माणसं माप सांगायला येतात आणि घरातलं सांगून जातात. सात रस्त्याजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये भुशाइतकेच किस्से साठलेत. भुसा निदान कुणीतरी उचलून नेतं. डिझाइन मी करते, बनवतात नागप्पा मिस्त्री. हल्ली सगळ्यांना एकच पाहिजे असतं: एकात दोन.

नवी पेठेतल्या एका काकूंनी सोफा-कम-बेड करून घेतला. पुण्याचा मुलगा, सून, नातवंडं येतील म्हणून. काही महिन्यांनी सोफा कुरकुरतोय म्हणून त्यांचा फोन आला. आम्ही गेलो.

"पाहुणे बरेच येऊन गेले वाटतं," मी म्हटलं.

"कोण येतंय? मीच झोपते की त्यावर. सकाळी घडी घातली, की कुणीतरी राहून गेल्यासारखं वाटतं."

*

मोहोळकडचे एक आजोबा. जन्म मेंढरांमागं गेलेला, आता मुलाच्या नव्या बंगल्यात बसून असतात. तिथं आम्ही बाक दिला, वर बसायचं आणि आत सामान ठेवायचं.

आजोबांनी झाकण उचलून पाहिलं. "म्हंजी सामान काढायचं तर बसल्याला उठवाय लागतंय?"

"हो, तेवढी एक अडचण आहे."

"आसू दे की. तेवढंच कोन 'उठा' तरी म्हनंल."

*

माझ्याही घरी भिंतीला मिटणारं टेबल आहे. उघडलं की चौघांचं. एकदा नागप्पा ड्रिल मशीन न्यायला आले आणि बिजागरी निरखत बसले.

"ताई, हे कधी उघडलंच न्हाय व्हय?"

"सॅम्पल आहे ते."

"घरात?"

मी चहा घेऊन आले तर टेबल उघडलेलं होतं. त्यांनी कप समोरासमोर ठेवले आणि इकडचं तिकडचं बोलत राहिले.

*

आणि एक निवृत्त मास्तर. बायको जाऊन वर्ष होत आलेलं. म्हणाले, "डबल बेड कापून अर्धा करा. उरलेल्या लाकडाचं पुस्तकांचं बुटकं कपाट करा. पलंगाएवढंच लांब, त्याला चिकटून."

"उंची किती ठेवू?" मी टेप काढला.

मास्तर पलंगावर आडवे झाले, कुशीवर वळले आणि हात पलीकडे टाकून म्हणाले, "इतकी."

नागप्पांनी हाताखालचं माप घेतलं.

कपाट बसवलं त्या दिवशी मास्तर पुन्हा आडवे झाले. डोळे मिटून त्यांनी कपाटावर हात ठेवला.

"थोडं उंच झालंय."

नागप्पांनी कपाटाचे पाय जरा कापले. "आता बघा."

मास्तर हात तसाच ठेवून पडून राहिले. मग हळूच थोडे आपल्या कडेला सरकले.