गोदाक्कांचे मालक

त्या वेळच्या उस्मानाबादेत गोदाक्कांच्या छापखान्यात कुणी दरात घासाघीस करायला लागलं, की त्या म्हणत, "थांबा, मालकांना इचारून येते." आत जात, तांब्याभर पाणी पीत आणि पदर सारखा करत बाहेर येऊन सांगत, "मालक न्हाय म्हनले." गिऱ्हाईक मुकाट्यानं मान डोलवी. मालक, म्हणजे त्यांचे यजमान, कधीच वारले होते. आत हार घातलेला त्यांचा फोटो होता, आणि हे साऱ्या गावाला माहीत होतं. पण जिवंत बाईच्या नकारापेक्षा मेलेल्या पुरुषाचा नकार वजनदार असतो, यावर गावाचं एकमत होतं.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी परंड्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि स्वतःला फार मोठी समजत होते. आता नातवंडं झाल्यावर त्या बाईची आठवण आली की चहा नाकात जातो. एम.ए.ला मी शिकले होते, की व्हिक्टोरिया राणीच्या काळात कित्येक इंग्रज बायका पुरुषांची नावं घेऊन कादंबऱ्या लिहीत, आणि लंडनचे प्रकाशक त्यांना 'प्रिय महाशय' म्हणून पत्रं पाठवत. झालं! त्यांच्याकडं धुकं होतं, माझ्याकडं दुष्काळातला फुफाटा. पण तेवढ्यानं अडणारी मी नव्हते. कादंबरी लिहिली आणि वर नाव घातलं, प्रा. विक्रमादित्य. प्राध्यापकीसुद्धा मीच बहाल केली. बाड उस्मानाबादेला धाडलं. उत्तर आलं, "आदरणीय महोदय, कादंबरी पसंत आहे. समक्ष यावे." खाली मालकांची सही.

आता महोदय आणायचा कुठून? आमचे हे पंचायत समितीत कारकून. टँकरच्या फेऱ्या लिहिण्यापलीकडं त्यांच्या लेखणीनं काही पाहिलं नव्हतं. त्यांना लग्नातला कोट चढवला, एस.टी.त बसवलं आणि शेजारी मी बसले. छापखान्यात खुर्चीवर टोपी घालून 'मालक' बसले होते. ते गोदाक्कांचे दीर, हे मला मागाहून कळलं. असे दोन उसने महोदय समोरासमोर आले.

"काय म्हनतंय लेखन?" दिरांनी विचारलं.

"चाललंय. तुमच्याकडं पाऊस?"

"कुठला आलाय पाऊस!"

साहित्यचर्चा तिथंच संपली. मग दोघं कडब्यावर आले आणि खरोखर रमले.

मी चहाला हातभार लावायला आत गेले. गोदाक्का स्टोव्हला पंप मारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाई, लिवलंय तुमीच न्हवं?"

मी चपापले. "कशावरून?"

"रेशनच्या त्या तांबड्या मिलो जवारीची भाकरी थापताना कडंनं चिरती, हे बाप्याला कसं ठावं? त्याला ती ताटात आल्यावरच दिसती."

"आणि ते पत्र?"

"म्याच लिवलं. मालक तर फोटूत हायत."

मग त्या कामाचं बोलल्या. माझ्या कादंबरीतली शेवंता दूध सोसायटीची कागदावरची संचालक. चेअरमन दाखवील तिथं अंगठा उठवायचा, एवढाच तिचा कारभार. दुष्काळात जनावरांसाठी आलेला चारा चेअरमनच्या गोठ्यात जातो, आणि शेवटी शेवंता भर वार्षिक सभेत उठून त्याचा हिशेब मागते. इकडं गोदाक्कांचं पोट चालायचं ते अशाच सोसायट्यांची पावतीपुस्तकं आणि अहवाल छापून.

"शेवट बदला," त्या म्हणाल्या. "शेवंताला मरू द्या. मेलेल्या बाईवर कुनी खवळत न्हाय."

मी इंग्रजीची बाई! म्हणाले, "अहो, लंडनचे प्रकाशकसुद्धा फार तर शेवटी लग्न लावा म्हणायचे. तुम्ही तर मारायलाच निघालात."

"लगीन झालंय की तिचं. दुसरं काय शिल्लक हाय?"

मी हट्टाला पेटले. शेवट बदलणार नाही, हवं तर बाड परत द्या म्हणाले. गोदाक्का उठल्या, फोटोसमोर उभ्या राहिल्या. या खेपेला बराच वेळ. मग म्हणाल्या, "मालक म्हनले, शेवट ऱ्हाऊ द्या. पन वर नाव तुमचं टाका. बाईचं."

मला गहिवरून आलं. स्त्रीजातीला अखेर न्याय मिळाला, असं काहीतरी मी बोलायलाही लागले होते.

"तसं न्हाय वो," त्या म्हणाल्या. "विक्रमादित्यानं लिवलं म्हनलं, की चेअरमन लोक इचारतेत, ह्यो कोन्त्या गटाचा? बाईनं लिवलंय म्हनलं, की उघडून बी बघत न्हाईत."

इंग्रज बायकांना लपायला पुरुषाचं नाव लागलं. मला माझंच पुरलं.

पुस्तक निघालं. प्रकाशनाला गोदाक्कांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असलेल्या दूध सोसायटीचे चेअरमनच पाहुणे. "भगिनींनी फावल्या वेळात असेच उपक्रम राबवावेत," ते म्हणाले. मी मान लववून नमस्कार केला. पुढं वर्षभर मी सत्कारच घेत हिंडले. नारळ इतके जमले की घरात रोज खोबऱ्याची चटणी.

घात केला तो वाचकांनी. त्याच चेअरमनांच्या गावातल्या दूध घालणाऱ्या बायकांनी शाळेतल्या पोरींकडून पुस्तक वाचून घेतलं, आणि वार्षिक सभेत मागून एकीनं विचारलं, "आमच्या वाटचा चारा कुठं गेला?" त्या दिवसापासून चेअरमनांना वाचनाची गोडी लागली. पाठोपाठ गोदाक्कांकडची सोसायट्यांची कामं एकेक करून बंद झाली. उरल्या लग्नपत्रिका, आणि दुष्काळात लग्नं तरी किती होणार?

एके दिवशी गोदाक्का परंड्याला आमच्या दारात उभ्या. मी आधी घाबरले, मग डोळ्यांत पाणी आणायच्या तयारीला लागले. "गोदाक्का, माझ्यामुळं तुमचं..."

"ते ऱ्हाऊ द्या. दुसरं लिवलंय का?"

"आता आणखी? होती ती कामं गेली ना तुमची?"

"गेली. आता भ्यायचं कुनाला ऱ्हायलंय? लिवा."

मी सत्कारमूर्तीच्या आवाजात म्हणाले, "तसा काही विषयच सुचत नाही."

गोदाक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जिल्ह्यात येवढ्या सोसायट्या हायत्या, बाई," त्या म्हणाल्या. "तुमची आजून येकच झालीया."