आठची गोळी

आमच्या डॉक्टरांची भेट चहा गार व्हायच्या आत संपते, पण बाहेरच्या बाकड्यावर अख्खी सकाळ जाते. मग बायका काय करणार? बोलणार! भाईंदर पूर्वेच्या आमच्या दवाखान्यात सोमवारी फिटचे पेशंट बघतात. माझी मनाली शाळेत होती तेव्हापासून मी तिला घेऊन तिथे जाते. आता ती नोकरीला लागली, तरी आमचं बाकडं तेच. आमच्या सासरच्यांची पूर्वी मिठागरं होती, म्हणून सांगते, किस्से मिठासारखेच असतात. पाणी आटेपर्यंत बसून राहायचं, खाली आपोआप साचतात.

* * *

पहिला किस्सा आमच्याच घरचा. गोडदेव गावात पुतण्याच्या हळदीत मनालीला पहिल्यांदा फिट आली. माझी मोठी नणंद चप्पल घेऊन धावली, शेजारीण कांदा फोडून आली, आणि कुणीतरी दातात स्टीलचा चमचा घुसवला. फिट तिच्या वेळेला थांबली. पुढचा दात मात्र गेला.

दवाखान्यातल्या लीना सिस्टरनी विचारलं, दात फिटमध्ये पडला का? मी म्हटलं, "नाही, चमच्यात."

मग सिस्टरनी नीट समजावलं. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका, आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ हॉस्पिटल गाठा. नणंदेला ते काही पटेना. आम्ही एवढी माणसं काय नुसती बघत उभी राहणार, म्हणाली. सिस्टर म्हणाल्या, "एवढी माणसं नकोतच. एक घड्याळ पुरे."

* * *

नसीम आपा मीरा रोडहून नातीला घेऊन येते. नातीचं औषध पातळ, बाटलीतलं. आपाचं म्हणणं, पोरीचा आजारच विचित्र! नवी बाटली काढली की फिटा येतात, आणि बाटली संपत आली की पोरगी दिवसभर झोपते, चालताना भेलकांडते. आपाने तर कुणाची नजर लागली तेसुद्धा ठरवून टाकलं होतं.

सिस्टरनी बाटली मागितली आणि उजेडात धरली. वर पाणी, खाली जाड साका. म्हणजे पोरीला आधी नुसतं पाणी आणि शेवटी सगळं औषध एकदम! सिस्टरनी विचारलं, हलवत नाही का? आपा म्हणाली, "दवा को कौन हिलाता है, पालना थोड़ी है!"

आता आपा अशी हलवते की हातातल्या बांगड्या जिन्यापर्यंत ऐकू येतात. नात कुठेही खेळत असू दे, बांगड्या वाजल्या की तोंड उघडून हजर.

* * *

शेवंता रत्नागिरीकडची. तिचा नवरा शेअर रिक्षा चालवायचा. बरेच दिवस फिट आली नाही, तर त्याने आपल्या मनाने गोळ्या बंद केल्या, आणि ही बाकड्यावर आम्हाला ते पेढे वाटल्यासारखं सांगत होती. मला राहवलं नाही. "कुलूप लावल्यापासून चोरी झाली नाही, म्हणून आता कुलूप भंगारात घालतेस?"

तिला राग आला. पुढच्या खेपेला बाकड्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

त्याच्या पुढच्या खेपेला नवरा सोबत होता, हनुवटीला टाके. फिट येऊन पडला, पण बाथरूममध्ये, म्हणून निभावलं. रिक्षात असता आणि मागे पॅसेंजर असते तर? रिक्षा त्याने भावाला दिली. शेवंता माझ्या शेजारी येऊन टेकली, पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "लावलं हो कुलूप."

* * *

आमच्या मेडिकलवाल्याने एकदा मनालीची गोळी दुसऱ्याच कंपनीची दिली. आंटी, सेम सेम है, म्हणाला. त्याच आठवड्यात हाताला झटका बसून पोरीच्या हातातून दोनदा कप उडाला. सिस्टर म्हणाल्या, डॉक्टरांना विचारल्याशिवाय फिटच्या गोळीची कंपनी बदलू नका, कुणाकुणाला थोडासा फरकही सोसत नाही.

मी तिथूनच दुकानावर गेले. गिऱ्हाईकं उभी होती, बरंच झालं. म्हटलं, "आजपासून तुझ्या घरी तुझ्या बायकोच्या जागी मी येते. चलेगा? सेम सेम!"

तेव्हापासून मी रस्त्याच्या पलीकडे दिसले तरी तो बरोबर त्याच कंपनीचा डबा काढून ठेवतो.

* * *

काजल काशीगावची सून. माहेरच्यांनी फिटचं लपवून लग्न लावलं. ती गोळ्या टिकल्यांच्या पाकिटात ठेवायची. सासूला सापडल्या. सासूला वाटलं, मूल नको म्हणून घेते! सगळ्या संडासात टाकल्या. काजल गप्प राहिली. तो आळ तिला परवडला, खरं परवडलं नसतं.

हळदीकुंकवाला वाण देता देता ती बायकांच्या मध्ये कोसळली.

सोमवारी सासू तिला घेऊन आली, सगळ्यांसमोर रडत होती. आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही काय तिला खाल्लं असतं का, म्हणाली. काजलने मान वर केली. "सांगितलं असतं तर लग्न केलं असतं का?"

सिस्टर म्हणाल्या, झालं ते झालं, पण गोळी अशी एकदम तोडायची नाही, आणि मूल हवं असेल तर दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांना भेटायचं.

मनाली माझ्या शेजारी बसून सगळं ऐकत होती.

* * *

मागच्या महिन्यात मनालीला बघायला आले. स्थळ नणंदेने आणलेलं. मुलगा बरा, आई शिक्षिका होती, आता रिटायर. नणंदेने मला आधीच दम दिला होता. "फिटचं बोलायचं न्हाय. पोरगी धडधाकट हाय. तोंड उघडलंस तर दारात परत कुणी उभं र्‍हायाचं न्हाय." मी म्हटलं, गोळी तिची, जीव तिचा, तीच ठरवेल.

नणंदेने वेळ साडेसहाची दिली होती, म्हणजे मनालीच्या आठच्या गोळीच्या आत सगळं उरकेल. पण पाहुणे घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. पोहे पुढे आले आणि मनालीचा मोबाईल वाजला. आठचा अलार्म!

"ऑफिसचा असल," म्हणत नणंदेने तो बंद केला.

मनाली उठली. आतून गोळ्यांची पट्टी आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली. सगळ्यांच्या समोर उभं राहून गोळी घेतली. म्हणाली, "मला फिट येतात. ही गोळी मी रोज घेते. लग्नानंतरही घेणार."

नणंदेने डोळे मिटून घेतले.

मुलाच्या आईने प्लेट खाली ठेवली. हात पुढे करून पट्टी मागितली. चष्मा लावला, नाव वाचलं, उलटवून मागची बाजू वाचली. मुलाकडे एकदा बघितलं. मग पट्टी मनालीच्या हातात परत दिली.

"कंपनी बदलू देऊ नकोस हं, बाळा. हे मेडिकलवाले आम्हालाही सेम सेम म्हणतात."