भटजींच्या उपरण्यातला माईक

कट्टा गावचा सहदेव लग्नांचं शूटिंग करायचा. माईक कॅमेऱ्यातच होता, त्यामुळे कॅसेटमध्ये मंगलाष्टकांपेक्षा त्याचंच ओरडणं मोठ्याने ऐकू यायचं, "वायच बाजूक सरा गो!" एका वधूपित्याने विचारलंच, "लगीन माझ्या चेडवाचा की तुझा?"

मग २००४ साली तो बाहेरून जोडायचा माईक घ्यायला कुडाळला गेला. दुकानदाराने बिनवायरचा दाखवला, कॅमेऱ्यावर बसणारा लांबटही दाखवला. परवडला तो चिमट्याने कपड्याला लावायचा, लांब वायरचा.

पुढच्या लग्नात सहदेवाने तो भटजींच्या उपरण्याला लावला. आवाज लख्ख आला. आठवड्याने सहदेव कॅसेट घेऊन आला आणि वधूकडची मंडळी ती बघायला बसली, तर दोन मंगलाष्टकांच्या मधे भटजी शेजाऱ्याच्या कानात कुजबुजत होते, "नवरो आधीच घाबारलो आसा, तेका आणि सावधान काय सांगूचा! जेवणाक वडे आसत मा?"

सहदेवाने घाईघाईने कॅसेट थांबवली. "तेवढा पुसून देतंय," तो म्हणाला.

"पुसलंस तर बघ!" नवरीची आई हसून हसून डोळे पुसत म्हणाली.

भटजींच्या कानावर हे गेलंच. पुढे सहदेव मांडवात दिसला, की ते आधी उपरणं काढून ठेवत. सहदेव मग माईक नवऱ्याला लावू लागला. नवरे त्या दिवशी फारसे बोलत नसत.