हार घातलेली सासू

तंजावूरच्या राजवाड्यामागे, आमच्या शेजारच्या घरात एक नटी राहतात. सिनेमासाठी त्यांना दोन पुरस्कार मिळालेत, पण गल्ली त्यांना ओळखते ती तमिळ मालिकेतली सासू म्हणून. मालिकावाल्यांनी त्या सासूला मारून वर्ष झालं. आता मालिकेतल्या घराच्या भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो तेवढा दिसतो आणि तो टीव्हीवर बघायला बाई रोज संध्याकाळी आमच्याकडे येतात.

"बाकीचे किती हातवारे करतात! माझा संयम बघ," म्हणतात. हार प्लास्टिकचा दिसला की आमच्याच सोफ्यावरून चेन्नईला मालिकावाल्यांना फोन लावून भांडतात. फोटो दिसताच माझी आई सवयीने हात जोडते, आणि शेजारी काप्पी पीत बसलेल्या बाई गंभीरपणे आशीर्वाद देतात.

परवा मालिकेत त्यांचं वर्षश्राद्ध होतं. "पायसम कर गे, माझं श्राद्ध आहे," असं आईला सकाळीच बजावून त्या संध्याकाळी वेळेवर हजर झाल्या. पडद्यावर पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. मुलगा रडला, सून पाया पडली. आईचेही डोळे भरून आले. तिने वळून विचारलं, "काय इच्छा उरली गे तुझी?"

बाईंनी पायसमची वाटी खाली ठेवली.

"जुळी बहीण होऊन परत यायचं," त्या म्हणाल्या, आणि आशेने कावळ्याकडे बघत राहिल्या.