पाच विरुद्ध एक

शिडीवाल्याची बावीस वर्षं गच्च्यांवर अँटेना बसवण्यात गेली होती, आणि साहेब लोकांबद्दलचं त्याचं मत दरवर्षी एकेक पायरी खाली उतरत होतं. नव्या साहेबाला कंपनीसाठी रिकामा रेडिओ चॅनेल हवा होता. सहा यंत्रांनी हवेत कानोसा घ्यायचा आणि बहुमताने ठरवायचं, अशी त्याची अक्कल. लिफ्ट होती म्हणून त्याने पाच यंत्रं एकाच गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे लावली. सहावं शिडीवाल्याने पलीकडच्या छपरावर चढवलं.

पाच यंत्रं म्हणाली, चॅनेल रिकामा आहे. सहाव्यावर रुग्णवाहिकांचे चालक बोलताना स्वच्छ ऐकू येत होते.

"पाच विरुद्ध एक," साहेब म्हणाला. "तुझं यंत्र बिघडलंय."

"पाचही टाकीच्या आड आहेत, साहेब. एका भिंतीमागे पाच जण बसवले, तरी दिसणार भिंतच."

साहेबाने चॅनेल वापरायला घेतला आणि तासाभरात रुग्णवाहिकांचा वायरलेस ठप्प झाला. वरिष्ठांची बोलणी खाऊन तो परत आला.

"चूक कळली," तो म्हणाला. "यंत्रं कमी पडली. त्याच गच्चीवर आणखी चार लाव."

शिडीवाल्याने चार यंत्रं उचलली, शिडी खालीच ठेवली आणि लिफ्टचं बटण दाबलं.