सुमनचा पंचमीचा झोका

"मावशी… आपल्या बाई गेल्या." रेखाचा शिरूर अनंतपाळहून फोन आला तेव्हा मी लातूरला घरी मेथी निवडत बसले होते. बाई म्हणजे सुमन, माझी नांदेडच्या कॉलेजातली मैत्रीण, कंधारजवळच्या मुलींच्या बालगृहाची अधीक्षिका. रेखा तिच्याच हाताखाली वाढलेली, आता संसाराला लागलेली. "सकाळी चहा ठिवला अन् जाग्यावरच बसल्या म्हणं," एवढं बोलून ती रडायला लागली. मला मात्र आधी रडू आलं नाही, राग आला. तो अजून उतरलेला नाही.

पंचमीला लेकीनं माहेरी यावं, झोका खेळावा, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पण जिला आईबाप ठाऊकच नाहीत तिनं कुठं जायचं? बालगृहातली मुलगी अठराची झाली की कागदावर संस्थेचा आणि तिचा संबंध संपतो. सुमनला ते मान्यच नव्हतं. निघणाऱ्या प्रत्येकीची ती ओटी भरायची आणि बजावायची, "पंचमीला ये. सासरचे नाही म्हणाले तर मला फोन लाव." आणि लेकी यायच्या, कडेवर लेकरं घेऊन. आवारातल्या कडुलिंबाला सुमन स्वतः पदर खोचून झोका बांधायची आणि पहिली त्यावर बसायची. "तुटला तर माझी कंबर मोडू दे. लेकी माहेरी आल्यात, दवाखान्यात नाही." मग धाकट्या मुली आणि माहेरवाशिणी मिळून जो दंगा घालायच्या…

नवे सचिव आले आणि त्यांना यात सुरक्षेचा प्रश्न दिसला. बाहेरच्या व्यक्तींना प्रवेश बंद! मुलींना जपायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण ज्या इथेच लहानाच्या मोठ्या झाल्या, त्या बाहेरच्या? आणि वाढदिवसाला केळी वाटून मुलींसोबत फोटो काढणारे पुढारी त्याच गेटातून गाडीसकट आत जायचे, ते कोण, मामा की काका? सुमन सचिवांशी भांडली, हरली आणि त्या पंचमीला दोर खांद्यावर टाकून गेटाबाहेर गेली. रस्त्याकडेच्या लिंबाला तिनं झोका बांधला. आतल्या मुली भिंतीवरून माना काढून बघत होत्या. मला म्हणाली, "माहेर रस्त्यावर आलं गं… पण मोडलं नाही."

ती गेल्यावर त्याच संस्थेनं शोकसभा ठेवली. फ्लेक्सवर 'अनाथांची माउली'. अनाथ हा शब्द ती कुणाला उच्चारू द्यायची नाही! सचिव रुमालानं डोळे टिपत होते. मला मंचावर बसवलं होतं. तेवढ्यात रेखाचा फोन आला, "आमी समद्या गेटापाशी हाओत मावशी, आत घेऊन नाही राहिले." मी सचिवांना विचारलं. ते हळू आवाजात म्हणाले, "नियम आहे, मॅडम." मी उठले आणि भाषण न करता बाहेर त्या लिंबाखाली जाऊन बसले. जिच्यासाठी सभा होती तिच्या लेकी उन्हात उभ्या होत्या. रेखानं माझा हात धरला. "आमचं माहेर संपलं का हो आता?"

परत निघताना सुमनच्या खोलीत डोकावले. आवराआवर चालू होती. सेविका म्हणाली, "ह्यो दोर भंगारात टाकायला सांगितलाय." मी तो उचलून आणला. आता तो माझ्या दाराशी खुंटीला आहे. मधे जिथं बसायचं तिथं घासून गुळगुळीत झालाय. सगळ्या लेकींना निरोप गेला आहे. येत्या पंचमीला त्याच लिंबाला झोका बांधायचा आहे आणि सुमनच्या रिवाजाप्रमाणे आधी मी बसणार आहे. माझं वजन तिच्यापेक्षा जास्त आहे. त्यानं मला पेललं तर लेकींना काही भीती नाही. सचिवांनी खुशाल गेटातून बघावं.