बंद बटणाची गिटार

बार्शीचा नागनाथ जयपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक म्हणून आला, तेव्हा मराठी मंडळातल्या बायकांना वाटलं, मुलगा मुका आहे की काय. नमस्काराला नमस्कार, चहाला ‘चालेल’, याच्यापुढे गाडी जायची नाही. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी नीट ऐकू जावीत म्हणून राबायचं आणि संध्याकाळी सायकलवरून खातीपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीवर यायचं. तिथं त्याची एकच चैन होती, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची विजेवरची गिटार.

मंडळाचा ॲम्प्लिफायर त्याच्याच ताब्यात असे. रेल्वेच्या क्लबात कधीकाळी गोऱ्यांचा बँड वाजायचा, त्यांच्या गिटारसाठी तो आणलेला. गोरे गेले, बँड मोडला आणि लिलावात ॲम्प्लिफायरची ही पेटी मंडळाकडे आली. जुनी लाकडी पेटी, आवाजाची दोन बटणं, एक गिटारचं, एक माइकचं. मंडळाच्या कार्यक्रमात नागनाथ आधी थोडी गिटार वाजवी, मग तिचं बटण बंद करून माइक सांभाळत स्टेजच्या कोपऱ्यात बसून राही.

माइकवर बहुधा माधवी असे. विमा खात्यातल्या वसंतरावांची ही मुलगी लहानपणीच जयपूरला आली होती आणि आता कॉलेजात शिकवत होती. तिच्या मराठीत मधूनच ‘मतलब’ डोकावे आणि थोरांना ती ‘-जी’ लावून हाक मारी. बायका हसायच्या. गायला लागली की मात्र तिच्या तोंडून आईची मराठी यायची. ती आई आता नव्हती.

एकदा गणपतीत ती गात असताना नागनाथ मांडीवरच्या गिटारीवर स्वतःपुरता सूर धरत होता. बटण पूर्ण बंद होतं. तरीही स्पीकरमधून, तिच्या आवाजाच्या मागून, गिटार आली. अगदी बारीक, पलीकडच्या गल्लीत कुणाचा रेडिओ लागावा तशी. त्यानं दचकून हात काढला. पुढच्या गाण्याला मात्र राहवेना. ओळ संपली तशी माधवी जरा थांबली, श्वासाला लागतं त्याहून थोडी जास्तच. त्या जागेत गिटारनं ओळ पुरी केली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

पुढे कोजागिरीला तसंच झालं, संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही. लोकांना वाटे, पेटी जुनी आहे, काहीतरी खरखरतंय. या दोघांत त्यावर अवाक्षर झालं नाही. नागनाथ मनात रोज तिला म्हणायचं एक वाक्य जुळवी आणि एक्स्चेंजच्या जिन्यापर्यंत ते मोडून जाई.

पुढच्या गणपतीच्या तोंडावर वसंतरावांची नागपूरला बदली झाली. सण आटोपला की बिऱ्हाड हलणार होतं. मंडळाचे चिटणीस सर्जेराव नागनाथला म्हणाले, “वसंतराव कुणाचा तरी टेपरेकॉर्डर आणतायत. पोरीची गाणी टेप करायचीत. तेवढं तिच्या मागं जे भूत वाजतं ना, ते काढून टाक.”

“जुनी पेटी आहे,” नागनाथ म्हणाला.

“टेलिफोनवाला तू, आणि तुझ्याच पेटीत क्रॉसटॉक? तुझ्या साहेबाच्या कानावर घालू का?”

रविवारी त्यानं पेटी उघडली. एका लाइनीवरचं बोलणं दुसरीवर ऐकू आलं की तारा फार जवळून गेल्यात असं समजायचं, ही टेलिफोन खात्याची शिकवण. त्याप्रमाणे त्यानं तारा एकमेकींपासून लांब केल्या, जाळीच्या वेष्टणाची तार घातली, मध्ये पत्र्याचा पडदाही उभा केला. मग बटण बंद ठेवून तार छेडली. गिटार होती तशीच आली. त्याला बरं वाटलं. दुरुस्ती फसल्यावर बरं वाटण्याची ही त्याची पहिलीच वेळ.

‘जमत नाही’ म्हटलं असतं तर कुणी दोष दिला नसता. पण अर्धवट काम त्याला झोपू देईना. पुढच्या सुटीला तो मीटर घेऊन बसला आणि दोष सापडला. तो तारांत नव्हताच. माइक आणि गिटार बटणांच्या आधीच एका काचेच्या व्हॉल्व्हच्या दोन भागांत शिरत होते आणि दोन्ही भागांचे पाय खाली एकाच रेझिस्टन्सला बांधलेले होते. इकडची थरथर तिकडे जाऊ नये म्हणून शेजारी लावलेला कंडेन्सर कधीच सुकून गेला होता. गिटार वाजली की माइकचाही पाय हलायचा. लांब करत बसला होता तो तारा, आणि दोघं एकत्र होते मुळाशी.

चौडा रास्ता बाजारातल्या रेडिओच्या दुकानातून त्यानं सामान आणलं. प्रत्येक भागाला वेगळा रेझिस्टन्स, वेगळा कंडेन्सर. कथलाचा डाग दिला, पेटी लावली, बटण बंद ठेवून तार छेडली. स्पीकर गप्प. त्यानं पुन्हा जोरात छेडली. खोलीत नुसत्या पोलादी तारेचा किरटा आवाज झाला.

तालमीला माधवी माइकशी आली.

“ठीक झालं?”

“झालं.”

“मतलब, बटण बंद असलं की आता काहीच येणार नाही?”

“नाही.”

“आणि चालू केलं तर?”

“तर सगळ्या हॉलला ऐकू जाईल.”

“मग जाऊ दे की, नागनाथजी,” ती म्हणाली, आणि वडील टेपरेकॉर्डर खोक्यातून काढत होते तिकडे गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. टेप फिरत होती. माधवीनं शेवटी आईकडून शिकलेलं गाणं घेतलं. पहिली ओळ संपली आणि ती थांबली. नागनाथची बोटं बटणावर होती. पुढच्या खुर्चीत वसंतराव डोळे मिटून बसले होते, शेजारी सर्जेराव. दुसऱ्या ओळीला ती आणखी थोडी थांबली. लोकांना ती जागा सुरेख वाटली, कुणी ‘वा’ म्हणालं. शेवटच्या ओळीनंतर ती इतकी थांबली की टाळ्यांना उठलेले हातही अडखळले. मग टाळ्या पडल्या.

त्या विरत आल्या तेव्हा नागनाथनं बटण फिरवलं. एकच सूर, भरपूर मोठा, हॉलभर घुमला.

“अरे नागनाथ, तपासणी संपली की आता,” सर्जेराव ओरडले आणि हॉल हसला.

माधवी हसली नाही. तिनं पहिल्यांदाच मागं वळून पाहिलं. तेवढ्यात वसंतरावांनी खाली वाकून टेप बंद केली.

ती टेप नागपूरला गेली. गाण्यांच्या शेवटी, टाळ्यांच्या नंतर, तो सूर तिच्यात आहे.